सर्फिंग शिकायला आलात? मग किनाऱ्याची राखण पण शिकून घ्या

पाऊस सरला की पुण्या-मुंबईकडची नवीन मंडळी सर्फिंग शिकायला गोव्यात उतरायला लागतात, मोरजी, आश्वे, मांद्रे, खाली आगोंद, आणि दोन दिवस फोम बोर्डवर पडून-उठून झालं की त्यातले बरेच जण विचारतात की समुद्रासाठी आम्ही काय करू शकतो. प्रश्न मनापासून असतो. पण उत्तर म्हणून बहुतेक वेळा त्यांच्या हातात खरेदीची यादी पडते, हे सनस्क्रीन घ्या, ते वॅक्स घ्या, अमुक कंपनीचा सूट घ्या. त्यावर पण लिहिणार आहे, पण शेवटी आणि थोडक्यात, कारण सर्फरकडे जी खरी गोष्ट आहे ती दुकानात मिळत नाही. ती म्हणजे हजेरी. उजाडायच्या आत किनाऱ्यावर कोण असतं? मच्छीमार आणि सर्फर. त्यातही लाटेची वाट बघत पाण्यात बसून एकाच किनाऱ्याकडे तास तास बघत राहणारा माणूस म्हणजे सर्फरच, त्याला पाण्याचा रंग बदललेला कळतो, वास कळतो, वाळूचा दांडा सरकलेला कळतो. हे बघणं नीट वापरायला शिका, बाकीचं त्याच्या मागून येतं.

पायरी 1: आधी गावात ओळख करा

बोर्ड भाड्याने घ्यायच्या आधी किनाऱ्यावर एक चक्कर मारा आणि बघा होड्या कुठे ओढून ठेवल्यात, जाळी कुठे वाळत घातलीत, ओहोळ कुठे येऊन मिळतो. कोणी जाळं विणत बसलं असेल तर जवळ बसा, काका, रापण कधी लागते, कुठल्या बाजूला लागते, आम्ही कुठे उतरलो तर तुम्हाला अडचण नाही, एवढं विचारा. रापण म्हणजे होडीतून लांबलचक जाळं अर्धगोलात सोडून दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, गोव्यात आणि सिंधुदुर्गात अजून चालते. रापण लागली असेल तर दोन दोरांच्या मधल्या पाण्यात अजिबात उतरायचं नाही. मासे बिचकतात, सगळ्यांची मेहनत वाया जाते आणि तुमची लीश (पायाला बोर्ड बांधायची दोरी) जाळ्यात अडकली तर तुमच्या जिवावर पण बेतू शकतं.

आणि हे नुसतं सभ्यपणा म्हणून सांगत नाहीये. या किनाऱ्याची राखण सर्फर यायच्या कितीतरी आधीपासून रापणकार करत आलेत. सत्तरच्या दशकात गोव्यातल्या रापणकारांनी ट्रॉलरच्या विरोधात मोठा लढा दिला, त्यातून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून 5 किलोमीटरच्या आत ट्रॉलरना मासेमारीला मनाई झाली. तुम्ही पाण्यात बसलेले असताना एखादा ट्रॉलर किनाऱ्याच्या अगदी जवळून जाळं ओढताना दिसला तर बाहेर आल्यावर वेळ, जागा आणि फोटो गावातल्या मच्छीमारांना द्या. तक्रार कुठे आणि कशी करायची ते तुमच्यापेक्षा त्यांना चांगलं माहीत असतं.

पायरी 2: कासवांचा हंगाम समजून घ्या

ही पायरी गोव्यात शिकणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची, कारण मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांचे अंडी घालायचे किनारे आहेत आणि त्यातल्या काही ठिकाणी सर्फिंगचे क्लासही चालतात. म्हणजे तुमचा क्लास आणि त्यांचा हंगाम एकाच वाळूत. माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री भरतीच्या रेषेच्या वर येऊन खड्डा करतात, शंभरच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटून खड्डा बुजवतात आणि परत जातात, पुन्हा बघायला येत नाहीत. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात, त्यामुळे मे महिन्यापर्यंत वाळूखाली काही ना काही असू शकतं.

पहाटे पाण्यावर निघालात आणि समुद्रातून वर आलेली, ट्रॅक्टरच्या चाकाने उमटवावी तशी रुंद नक्षी वाळूत दिसली तर थांबा. ती मादीची वाट आहे. वर जाणारी एक आणि परत येणारी एक, अशा दोन वाटा बहुतेक वेळा दिसतात आणि वर जिथे वाळू उपसलेली, विस्कटलेली असते तिथे घरटं असायची शक्यता असते. तिथे पाय द्यायचा नाही, खणून बघायचं नाही, ठसे पुसायचे नाहीत (वनखात्याच्या लोकांना घरटं शोधायला त्या ठशांचीच मदत होते), सेल्फीसाठी गर्दी जमवायची नाही. मोरजीला हंगामात वनखात्याची माणसं किनाऱ्यावरच असतात, त्यांना सांगा. महाराष्ट्रात असाल तर गावातल्या कासवमित्रांना सांगा, रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर हे काम उभं केलं आणि मग कोकणात गावोगावी अंडी राखणारी माणसं तयार झाली. कोणी सापडलं नाही तर महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे, 1926.

हंगामात सर्फरने पाळायच्या साध्या गोष्टी आहेत. संध्याकाळी बोर्ड, रॅक, दोऱ्या, खुर्च्या वाळूत तशाच टाकून जाऊ नका, मादी त्यात अडकते किंवा अंडी न घालताच माघारी फिरते. दिवसा मजा म्हणून खणलेले खड्डे बुजवा, त्यात पिल्लं पडतात आणि वर येऊ शकत नाहीत. रात्री किनाऱ्यावर शेकोटी नको, मोबाइलचा टॉर्च नको, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यांच्या हिशेबाने उजळ दिसणारी बाजू म्हणजे समुद्र, आणि शॅकचे दिवे समुद्रापेक्षा जास्त उजळ असले की ती उलट्या दिशेने जातात. तुम्ही ज्या कॅम्पमध्ये राहताय तिथले समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवता येतील का, एवढं मालकाला नक्की विचारा, गिऱ्हाइकाने विचारलेलं ऐकतात.

पिल्लं समुद्राकडे चाललेली दिसली तर उचलून पाण्यात सोडू नका, बाजूला उभं राहून कावळे आणि कुत्री लांब ठेवा, बस्स. ऑलिव्ह रिडले 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यांना किंवा त्यांच्या अंड्यांना परवानगीशिवाय हाताळणं हा गुन्हा आहे.

पावसाळ्यात जखमी कासवं किनाऱ्याला लागतात, बऱ्याचदा जाळ्यात गुरफटलेली, कधी कधी एखादा पाय कापला गेलेला असतो. दया येते म्हणून लोक त्यांना परत पाण्यात ढकलतात. ते करू नका! दमलेलं कासव पाण्यात बुडून मरतं, त्यालाही श्वास घ्यायला वर यावंच लागतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाक-तोंड मोकळं ठेवा, पाणी पाजू नका, मांसात रुतलेलं जाळं ओढू नका आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात डहाणूला कासवांवर उपचार करायचं केंद्र आहे. आत पाण्यात जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर बोर्ड घेऊन एकट्याने जवळ जाऊ नका, तेच जाळं तुमच्या लीशला आणि पायाला गुंडाळतं, लाइफगार्डला किंवा होडीवाल्याला हाक मारा. आणि मच्छीमारांशी बोलताना हेही सांगा (बऱ्याच जणांना माहीत असतं, काहींना नसतं) की महाराष्ट्रात डिसेंबर 2018 पासून संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो, आणि तुमच्या हातात फोन असतोच.

पायरी 3: कचरा उचला, पण बघून उचला

सर्फ झाल्यावर येताना हाताला लागेल तेवढं प्लॅस्टिक घेऊन या, ही सवय चांगलीच आहे, पहिल्या दिवसापासून लावा. पण कचरा उचलण्यातही काही गोष्टी समजून घ्यायला लागतात.

एक म्हणजे वेळ. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं आणि कचरा वरच्या रेषेला आणून टाकतं, मग पुढच्या उधाणापर्यंत पाणी तिथवर पोचत नाही. म्हणजे उधाण ओसरल्यावरचे चार-पाच दिवस सगळ्यात चांगले, कचरा एका रेषेत पडलेला असतो आणि अजून वाळूत गाडला गेलेला नसतो. पुढच्या उधाणापर्यंत थांबलात तर त्यातला बराचसा परत आत जातो.

दुसरं म्हणजे काय उचलायचं नाही. वाहून आलेली लाकडं, शेवाळ, शिंपले, समुद्रफेन, बिया, हे सगळं किनाऱ्याचंच आहे, त्यात खेकडे आणि किडे जगतात, त्यांच्यावर पक्षी जगतात. किनारा चकाचक करायच्या नादात हे सगळं पोत्यात भरलेलं मी बघितलंय आणि खूप वाईट वाटतं. तसंच जेसीबी लावून किनारा खरवडायचा प्रस्ताव कोणी आणला तर हंगामात तरी ठाम नाही म्हणा, वाळूखालची घरटी त्यात जातात.

तिसरं म्हणजे आधी काय उचलायचं. माझा क्रम असा: थर्माकोल, जाळी, काच, मग बाकीचं. थर्माकोलचा मोठा तुकडा आज उचलला तर एक तुकडा आहे, दोन उन्हाळे गेले की हजारो मणी होतात आणि ते कोणालाच गोळा करता येत नाहीत. टाकून दिलेली नायलॉनची जाळी पाण्यात परत गेली की कोणी धरलेली नसतानाही मासे आणि कासवं मारत राहते. पण जाळं दिसलं की कापायला धावू नका, आधी विचारा, ते कोणाचं तरी वाळत घातलेलं असू शकतं. बाद जाळं असेल आणि अर्धं वाळूत असेल तर हिसका देऊन ओढू नका, पाठ जाते, आजूबाजूने वाळू काढा, हातमोजे घालून तुकडे करा. सिरिंज, औषधाच्या बाटल्या, सीलबंद डबे यांना हात लावू नका, लाइफगार्डला दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळा केलेलं कुठे जाणार हे गोळा करायच्या आधी ठरवा. पोती भरून किनाऱ्यावर वरच्या बाजूला ठेवून सगळे फोटो काढून निघून गेले, रात्री कुत्र्यांनी पोती फाडली आणि सकाळी सगळं परत वाळूत, असं होतं. पंचायतीची गाडी कधी येते, सुका कचरा वेगळा घेतात का, काच घेतात का, हे आधी विचारा.

मुंबईकरांना वर्सोव्याचं उदाहरण माहीत असेल, अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर 2015 मध्ये तिथे सफाई सुरू केली, आठवड्यामागून आठवडे लोक येत राहिले आणि मार्च 2018 मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं दिसली. एका रविवारच्या मोहिमेने हे झालं नसतं. महिन्यातून एक ठरलेली सकाळ, तोच किनारा, चारच माणसं, असं करा, आणि दर वेळी काय किती सापडलं ते वहीत लिहा: बाटल्या, झाकणं, जाळीचे तुकडे, चपला, पाऊच. वर्षभराची अशी वही घेऊन पंचायतीत गेलात की बोलणं वेगळं होतं.

पायरी 4: पाण्याकडे लक्ष द्या, आणि तक्रार लेखी करा

कचरा डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात, सांडपाणी दिसत नाही म्हणून राहून जातं. पण सर्फर दिवसभर तेच पाणी नाका-तोंडात घेतो. कानाचं इन्फेक्शन, जुलाब, अंगावर पुरळ, नवीन मंडळी याला समुद्राची सवय नाही म्हणून सोडून देतात, बऱ्याचदा कारण त्या ओहोळात असतं जो हॉटेलांच्या मागून येऊन मिळतो. जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस नदीच्या मुखाजवळ आणि ओहोळाजवळ पाण्यात उतरू नका, जमिनीवरची सगळी घाण त्यातून येते.

या बाबतीत नियम आहे आणि तो तुमच्यासाठीच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत किनाऱ्याच्या पाण्याचे वर्ग आहेत, त्यातला एसडब्ल्यू-2 हा वर्ग आंघोळ आणि पाण्यातल्या खेळांसाठी आहे, त्यात 100 मिलिलिटर पाण्यात फीकल कॉलिफॉर्म म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचं प्रमाण 100 च्या वर असू नये असं आहे. राज्याची प्रदूषण मंडळं किनाऱ्यांचं पाणी तपासत असतात. तुमच्या किनाऱ्याचे आकडे मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपये फी आणि 30 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. त्यात तीनच गोष्टी विचारा: आमच्या किनाऱ्याचा नमुना कुठून घेतला, कधी घेतला, आकडा किती आला.

स्वतःची नोंद पण ठेवा. पाणी काळपट दिसलं, फेस वेगळा दिसला, वास आला, तर तारीख, वेळ, भरती होती की ओहोटी, पाऊस झाला होता का, आणि लोकेशन चालू ठेवून फोटो. एकदाच झालं तर कोणी विचारत नाही, पण दर शनिवारी रात्रीनंतर रविवारी पहाटे ओहोळाचं पाणी काळं असतं असं लागोपाठच्या नोंदींवरून दाखवता आलं की पंचायतीला आणि प्रदूषण मंडळाला उत्तर द्यावं लागतं. नोंद लेखी द्या, पोच घ्या, आणि कोणाचं नाव पुराव्याशिवाय घेऊ नका, ओहोळ कुठून येतो ते शोधणं त्यांचं काम आहे.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या सेंट अॅग्नेस गावातल्या सर्फरांनी 1990 मध्ये याच कारणासाठी संघटना काढली, सर्फर्स अगेन्स्ट सूएज, ही माणसं गॅस मास्क घालून आंदोलनाला जायची. आज ते समुद्रात सांडपाणी सोडलं की लोकांना फोनवर कळवतात. सुरुवात मात्र पाण्यात उतरून आजारी पडणाऱ्या लोकांनीच केली होती, शास्त्रज्ञांनी किंवा सरकारने नाही.

पायरी 5: तेल आणि प्लॅस्टिकचे दाणे

मे महिन्यापासून पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर काळे चिकट गोळे येतात, टारबॉल म्हणतात. समुद्रात सांडलेलं किंवा जहाजांनी टाक्या धुऊन टाकलेलं तेल घट्ट होऊन वाऱ्याबरोबर किनाऱ्याला येतं. पायाला, बोर्डला लागलं तर खोबरेल तेलाने चोळून काढा, रॉकेल नको. भरपूर दिसले किंवा पाण्यावर तवंग दिसला तर तटरक्षक दलाला 1554 वर कळवा.

दुसरी गोष्ट प्लॅस्टिकचे कच्चे दाणे, तीन-चार मिलिमीटरचे, पांढरे. 25 मे 2025 ला कोचीजवळ एमएससी एल्सा 3 हे जहाज बुडालं आणि केरळच्या किनाऱ्यावर या दाण्यांचा थर लागला. असे दाणे आपल्याकडे दिसले तर पायाने वाळूत मिसळायच्या आत फोटो काढून कळवा, मग चाळणीने जमतील तेवढे काढा.

पायरी 6: वाळूवरून चालताना

पार्किंगपासून पाण्यापर्यंत जायला एकच ठरलेली वाट वापरा. किनाऱ्याच्या वरच्या बाजूला मर्यादवेल पसरलेली असते, रावणाच्या मिशा नावाचं गवत असतं, त्यांनीच वाळूचे ढिगारे धरून ठेवलेले असतात आणि ते ढिगारे उधाणात गावाला वाचवतात. शॉर्टकट म्हणून बोर्ड घेऊन त्यातून गेलात की वेल तुटते, वाट पडते, मग तिथून वारा वाळू उडवतो. गाडी तर किनाऱ्यावर आणूच नका. वाळूच्या टेकड्या आणि कासवांचे किनारे सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) सगळ्यात कडक वर्गात येतात, तिथे कोणी टेकडी सपाट करताना दिसलं तर गोव्यात किंवा महाराष्ट्रात त्या राज्याच्या किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाकडे तक्रार जाते.

अजून एक काम फार सोपं आहे आणि फार थोडे करतात. एक पक्की जागा धरा, एखादा खडक किंवा लाइफगार्डचा मनोरा, आणि दर महिन्याला तिथूनच, त्याच दिशेने, ओहोटीला एक फोटो काढा. देशाच्या किनाऱ्यापैकी जवळपास एक तृतीयांश भाग झिजतोय असं चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 च्या अभ्यासात दाखवलंय, पण तुमच्या गावचा किनारा कुठल्या महिन्यात किती गेला आणि किती परत आला हे दाखवायला असे फोटोच लागतात. उद्या तिथे दगडी बंधारा घालायचं ठरलं, आणि बंधारा घातला की पुढची वाळू आणि लाट दोन्ही बदलतात, तर ग्रामसभेत दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

पायरी 7: सामान

थोडक्यात. पहिलं वर्ष बोर्ड विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. स्वस्त थर्माकोलचे बोर्ड तर घेऊच नका, एका हंगामात मोडतात आणि कचऱ्यात जातात. स्वतःचा असेल तर डिंग (बोर्डला पडलेला खड्डा किंवा चीर) पडल्या पडल्या दुरुस्त करा, आणि घासायचं काम किनाऱ्यावर नाही, घरी कापड अंथरून, ती धूळ गोळा करून टाका. वेटसूटची गोवा-कोकणात गरज नाही, पाणी ऊबदार असतं. पूर्ण बाह्यांचा लायक्रा टी-शर्ट घाला म्हणजे सनस्क्रीन फक्त तोंडाला आणि हातापायांना लागेल, आणि ते झिंक ऑक्साइडवालं घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईमध्ये 1 जानेवारी 2021 पासून बंदी आहे, प्रवाळासाठी. मालवणला किंवा गोव्यातल्या ग्रँड बेटाकडे डायव्हिंगला जात असाल तर हे जास्तच जपा, तिथे प्रवाळ आहे. येताना कोकण रेल्वेने या, स्टेशनवरून बोर्ड मिळतो तिथपर्यंत बसने.

पहिली मोठी संधी

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा सफाईचा दिवस म्हणून पाळतात आणि आपल्याकडे तो अगदी वेळेवर येतो, पावसाळ्याने आणून टाकलेलं सगळं किनाऱ्यावर असतं आणि कासवांचा हंगाम अजून लांब असतो. तारखेच्या दोन आठवडे आधी पंचायतीत जाऊन टेम्पोचं विचारा, मच्छीमारांना विचारून होड्यांच्या जागा टाळा, त्या दिवसाची भरती-ओहोटी बघून ओहोटीच्या आधी दोन तास सुरू करा म्हणजे चार तास मोकळा किनारा मिळतो, हातमोजे आणि धुऊन परत वापरता येतील अशी सिमेंटची रिकामी पोती आणा, आणि टेम्पो येईपर्यंत पोत्यांजवळ कोण थांबणार त्या दोघांची नावं आदल्या दिवशीच ठरवून टाका.